रिझर्व्हचा दिवा

तुम्ही गाडी चालवत आहात. रस्ता मोकळा आहे, ठरल्या वेळी पोहोचायचे आहे, आणि समोर पेट्रोल पंपाचे चित्र असलेला पिवळा दिवा लागतो. त्या क्षणी तुमच्या मनात पहिला विचार कोणता येतो? 'थांबू या' हा, की 'अजून जाईल' हा?

आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर दुसरे असते. गाडी माझी, पेट्रोल माझे, धोका पत्करायचा तर तोही मीच पत्करणार, मग यात चूक ते काय, असे आपल्याला वाटते. पण हा धोका खरोखर एकट्याचा असतो का? या छोट्याशा दिव्यामागे साधकासाठी एक मोठा प्रश्न दडलेला आहे. आपण रिकामे होत आहोत हे दिसत असूनही तसेच पुढे जात राहण्याचा आपल्याला अधिकार आहे का?

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी मी पुण्याहून साताऱ्याला एका शिबिरासाठी निघालो होतो. बरोबर आई होती. खेड शिवापूरच्या टोल नाक्याजवळ दिवा लागला. पहिल्या पंपावर रांग होती, म्हणून पुढे गेलो. दुसरा पंप लागला तेव्हा गाडी उजव्या लेनमध्ये होती. शिरवळजवळ आईने विचारले, "अरे, तो पिवळा दिवा कसला रे?" मी म्हणालो, "काही नाही गं, आई. पुढे भरू."

खंबाटकी घाट चढताना दिवा लागलेलाच होता. उतार लागला आणि तो विझला. मला वाटले, चला, अजून बरेच पेट्रोल आहे! भुईंज ओलांडल्यावर गाडीने दोन-तीन आचके दिले आणि ती बंद पडली.

मोटारसायकलवरून जाणाऱ्या एका तरुणाने मला मागे बसवून पंपावर नेले. बाटलीत पेट्रोल मिळेना, म्हणून डब्यासाठी शोधाशोध झाली. परत यायला सव्वा तास लागला. आईला मधुमेह आहे. तिची जेवणाची वेळ टळून गेली होती. रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या धुरळ्यात, एका बाभळीच्या सावलीत ती बसून होती. मी माफी मागू लागलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "घाई तुला होती. थांबावं मात्र दोघांना लागलं."

त्या दिवशी शिबिरात मला ताणमुक्तीवर बोलायचे होते!

दिवा काय सांगतो?

टाकीत एक तरंगता गोळा असतो. इंधन कमी होईल तसा तो खाली येतो आणि ठरलेल्या पातळीच्या खाली गेला की दिवा लागतो. त्या वेळी टाकी पूर्ण रिकामी नसते, थोडे पेट्रोल शिल्लक असते. ते का ठेवलेले असते? पंपापर्यंत पोहोचता यावे म्हणून. आपण मात्र त्या शिलकीवर मुक्कामापर्यंत जाण्याचा हिशेब करतो.

जुन्या स्कूटरला तर दिवाही नव्हता. गाडी आचके देऊ लागली की खालचा कॉक फिरवून रिझर्व्हवर घ्यायची. तेही संपले की स्कूटर एका बाजूला आडवी करायची, कोपऱ्यातले उरलेसुरले पेट्रोल खाली आणायचे आणि पुन्हा किक मारायची. आपल्यातले कितीतरी जण आयुष्यही असेच चालवतात. झोप कमी झाली की चहा, चहाने भागेना की चिडचिड, आणि शेवटी केवळ हट्टाच्या जोरावर दिवस ढकलणे. स्कूटर आडवी केल्याने टाकीत थेंबभरही भर पडत नाही.

आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांमध्ये इंधन ओढणारा पंप टाकीतच बसवलेला असतो आणि भोवतालच्या पेट्रोलमुळे तो थंड राहतो. टाकी नेहमीच तळाला ठेवली, तर तो तापून लवकर खराब होऊ शकतो. म्हणजे 'गाडी तर चालते आहे ना' असे म्हणत असतानाच आत काहीतरी झिजत असते.

मनाचे दिवे

मनालाही असे दिवे असतात का? पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात साधनेतले नऊ अडथळे सांगितले आहेत, आणि त्यांच्याबरोबर येणारी चार लक्षणेही दिली आहेत: दुःख, मनाची खिन्नता, अंगाची अस्थिरता आणि बिघडलेला श्वास. नीट पाहिले तर हे चार दिवेच आहेत. कारण नसताना उदास वाटते. हाताला, पायाला स्वस्थता नसते. श्वास वरवर आणि तुटक चालतो. घरच्यांच्या साध्या प्रश्नालाही आपण तिरकस उत्तर देतो. हे दिवे लागले म्हणून स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. दिवा हा गुन्हा नाही, ती सूचना आहे. दोष आहे तो दिसत असूनही 'काही नाही' म्हणण्यात.

आणि घाटातला तो विझलेला दिवा आठवा. उतारावर टाकीतले पेट्रोल एका बाजूला सरकले, गोळा वर आला आणि दिवा गेला. पेट्रोल वाढले नव्हते, फक्त उतार आला होता. आपलेही असेच होते. एखादी सुट्टी मिळते, कोणीतरी कौतुक करते, चार दिवस बरे जातात आणि आपण म्हणतो, आता साधनेची तेवढी गरज नाही. उतार संपला की दिवा पुन्हा लागतो.

सेवेच्या नावाखाली

आपल्यासारख्या सेवा करणाऱ्यांसमोर हा प्रश्न अधिक अवघड होऊन येतो. लोक वाट पाहत आहेत, काम पडले आहे, अशा वेळी स्वतःच्या ध्यानासाठी बसणे स्वार्थीपणा नाही का? मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. पण रिकाम्या टाकीने निघालेला माणूस कोणालाही वेळेवर पोहोचवत नाही. त्याच्या थकव्याची किंमत मागच्या सीटवर बसलेले मोजतात. केंद्रावर सर्वांशी गोड बोलणारा सेवक घरी आल्यावर मुलांवर ओरडत असेल, तर त्याची सेवा कोणाच्या खर्चाने चालली आहे, हे त्याने स्वतःला विचारायला हवे.

याचा अर्थ सतत पंपावरच उभे राहावे असा नाही. टाकी भरून गाडी दारात लावून ठेवली, तर तिचा उपयोग काय? गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी हेच सांगितले आहे: अति खाणारा आणि अजिबात न खाणारा, अति झोपणारा आणि सतत जागणारा, यांपैकी कोणालाच योग साधत नाही. भरणे हे चालण्यासाठी आहे.

आणि ज्यांना खरोखरच थांबता येत नाही, त्यांचे काय? अंथरुणावरच्या वडिलांची रात्रंदिवस शुश्रूषा करणारी मुलगी, तान्ह्या बाळाची आई. त्यांना 'साधना का चुकवलीस?' असे विचारणे निष्ठुरपणाचे आहे. अशा प्रसंगासाठीच रिझर्व्ह असतो आणि त्या तो योग्य कारणासाठी वापरत असतात. पण रिझर्व्ह संपतो. तिथे जबाबदारी बरोबरच्या प्रवाशांची असते. दिवा फक्त चालकालाच दिसतो असे नाही. माझ्या आईला तो दिसला होता, तिने विचारलेही होते. आपल्या घरात कोणाचा दिवा लागला आहे, हे आपण पाहतो का? पाहिले तर दोन तास स्टिअरिंग आपल्या हाती घेतो का?

आज एवढेच करा

आज रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा. डोळे मिटा आणि श्वासाकडे पाहा. तो वरवर चालला आहे का? आज कोणावर विनाकारण चिडलात? उत्तर मिळेल, त्याच्याशी वाद घालू नका. उद्या सकाळी इतर कामांना हात लावण्यापूर्वी साधनेला बसा, कारण पहिला पंप तोच आहे.

मग घरातल्या एका माणसाला विचारा, "माझा दिवा लागलेला तुला दिसतो का?" जे उत्तर येईल ते ऐकून घ्या. त्या दिवशी आईला मी 'काही नाही' म्हणालो होतो. आता ती काही विचारते तेव्हा मी आधी गाडी बाजूला घेतो.