खोक्यावर 'बीड' लिहावं का?

गणपती ते दिवाळी हे सीताफळाचे दिवस. या काळात शहरातली मंडळी फळं घरपोच मागवतात आणि पटली नाहीत की समाजमाध्यमांवर तसं लिहूनही टाकतात. तक्रारी बहुतेक एकाच वळणाच्या असतात: फळ पिकलंच नाही, साल काळी पडली, आतून दडस राहिलं. विकणाऱ्याला वाटतं, माल खराब गेला. पण अशा तक्रारी घाई न करता वाचल्या, लिहिणाऱ्याला एखादा साधा प्रश्न विचारला, की बरेचदा कळतं की खोका घरी आल्या आल्या फळं फ्रिजमध्ये गेली होती. कच्च्या सीताफळाला थंडी सोसत नाही. त्याचं पिकणं अडतं, साल काळवंडते, आणि नंतर बाहेर काढून ठेवलं तरी ते नीट पिकत नाही. इथे चूक झाडाची नाही, बागवानाचीही नाही. 'मऊ होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका' एवढी एक ओळ खोक्यावर ठळक छापायची राहून गेली होती.

समाजमाध्यमांवर लोक काय बोलतात ते टिपण्याच्या ज्या कामाला कंपन्या सोशल लिसनिंग म्हणतात आणि ज्यासाठी खास सॉफ्टवेअर विकत घेतात, त्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो. आपला माल आपल्या हातातून सुटल्यावर त्याचं पुढे काय होतं, हे शेतकऱ्याला आजवर कधी कळतच नव्हतं. अडत्याच्या पट्टीवर वजन आणि भाव असतो. खाणाऱ्याचं तोंड कसं झालं, हे त्या पट्टीवर कधीच आलं नाही.

बीड जिल्ह्याला याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. बालाघाटाच्या उतारांवर, धारूर-अंबाजोगाईच्या माळरानांत सीताफळ जवळजवळ आपलं आपण वाढतं. पाणी फारसं मागत नाही, शेळीही त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाही. अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे आणि 2016 मध्ये 'बीडचं सीताफळ' म्हणून त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पिकलेलं फळ दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही. एवढ्या थोड्या मुदतीत ज्याला गिऱ्हाईक गाठायचं आहे, त्याने गिऱ्हाइकाचं ऐकायलाच हवं.

पण ऐकायचं ते कशापुरतं?

समजा, उद्या शेतकऱ्यांच्या एखाद्या कंपनीने सल्लागार नेमला आणि त्याने 'बीड' या नावावर कान लावला. काय ऐकू येईल? 9 डिसेंबर 2024 रोजी झालेला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून, आणि त्यानंतर आडनावं पाहून एकमेकांवर तुटून पडणारी माणसं. त्याआधीचा दुष्काळ, ऊसतोड, 2011 च्या जनगणनेतलं दर हजार मुलांमागे 807 मुली हे प्रमाण. यातलं काहीही खोटं नाही आणि विसरून जावं असंही नाही. सल्लागार आलेख दाखवून सांगेल की नाव डागाळलंय. खोक्यावर 'बालाघाट' छापा, 'बीड' गाळा. त्याच्या हिशेबाने हा सल्ला बरोबरही असेल.

मला तो साफ नामंजूर आहे. मानांकन बीडच्या नावाने मिळालं आहे, हे एक कारण. त्याहून मोठं असं की डोंगरातून फळं उतरवणारी काही घरं तीच आहेत, जी दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कारखान्याची वाट धरतात. त्यांच्या हातची सर्वांत गोड गोष्ट बाजारात जाताना त्यांच्याच जिल्ह्याचं नाव लपवायचं, म्हणजे या जिल्ह्यात गुन्ह्याशिवाय दुसरं काही पिकत नाही हे आपणच कबूल करणं. लोक काय बोलतात हे ऐकून आपलं नाव आज कुठे उभं आहे ते समजतं. ते टाकून द्यायचं की नाही, हे त्या बोलण्यावर सोडता येत नाही.

शिवाय गलका मोठा असला म्हणून त्यात वजन असतंच असं नाही. 2019 च्या होळीला सर्फ एक्सेलच्या जाहिरातीवर बहिष्काराची हाक उठली. त्या संतापात काही जणांनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल या ॲपलाच एकेक तारा देऊन टाकला. सर्फ एक्सेल बनवणाऱ्या हिंदुस्थान युनिलिव्हरने जाहिरात मागे घेतली नाही. पुढच्याच वर्षी तशाच गदारोळात तनिष्कने आपली जाहिरात मागे घेतली. गलका दोघांनीही ऐकला. फरक पडला तो ऐकल्यावर प्रत्येकाने काय ठरवलं यात.

बियांचा प्रश्नही असाच आहे. सीताफळात बिया फार, गर कमी, ही तक्रार जुनी. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी कमी बियांचं, मोठ्या फळाचं, जास्त टिकणारं एनएमके-1 हे वाण विकसित केलं. त्यांचं ते काम मोठं आहे. पण नुसत्या तक्रारी मोजत गेलो तर प्रत्येक डोंगरावर एकच वाण दिसेल. बालाघाटाच्या कातळावरचं गावरान फळ ज्याने कधी चाखलंच नाही, तो ते मागणार कसा? न मागितलेली गोष्ट कुठल्याच आलेखात चढत नाही.

आणि जे बोलतच नाहीत त्यांचं काय? बीडमधलं बरंचसं बोलणं व्हॉट्सॲपच्या गटांत होतं. ते बाहेरच्या यंत्राला ऐकू जात नाही. त्या गटांतही ऊसतोड बायका किती असतात? 2019 मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून ओरड झाली. त्यानंतरच्या सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं आढळलं. एवढं मोठं दुखणं बाहेर आलं ते गावोगाव जाऊन विचारल्यावर.

म्हणून ग्राहकांच्या तक्रारी मोठ्याने वाचल्या जाव्यात आणि त्या बैठकीत फळं तोडणाऱ्या बायका बसलेल्या असाव्यात. फळ न पिकण्याचं दुसरं कारण त्यांनाच ठाऊक असतं. सालीवरचे डोळे उघडायच्या आत तोडलेलं फळ नीट पिकत नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. तरी ते तोडलं जातं. कारण सुरुवातीला भाव चढा असतो, व्यापाऱ्याची गाडी ठरल्या वेळी निघून जाते, आणि सामाईक डोंगरावरचं फळ आज आपण नाही उतरवलं तर उद्या दुसरं कुणी उतरवतं. खोक्यावर छापलेल्या ओळीने फ्रिजची चूक सुधारेल. ही घाई थांबवायला गाडीची वेळ बदलावी लागेल, पूर्ण तयार फळाला वेगळा भाव द्यावा लागेल, आणि डोंगर कुणी कधी तोडायचा हे गावाने आधी बसून ठरवावं लागेल.