पाळीची बदली

ऊर्जानगरात भावाच्या क्वार्टरवर राहतो, बल्लारपुरात मिलमध्ये राबतो. खात्यातले एक काका केदारनाथला निघाले. म्हणाले, "पंधरा दिवस माही रातपाळी तू कर. सोळा ऑक्टोबरले तुही मी करतो ना!"

खरं आहे. 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. दर वर्षी त्या दिवशी मी दीक्षाभूमीवर आणि माझ्या मशीनवर काका.

पण देवाच्या यात्रेसाठी आपण घाम गाळायचा, तर बावीस प्रतिज्ञा मोडल्या का? आपले काही सोबती म्हणतात, मोडल्याच. मला नाही पटत. महेशाला मानणार नाही, पुजणार नाही, ही प्रतिज्ञा माझी. काकांच्या मनावर पहारा ठेवायला ती घेतली नाही. 1930 साली काळारामाच्या दाराशी आपली माणसं उभी राहिली ती माणूसपणासाठी, देवासाठी नव्हे.

माझं अडलं भलतीकडेच. साडेतीन हजार मीटरवरचं देऊळ, गौरीकुंडापासून सोळाएक किलोमीटर चढ. काकांचे गुडघे गेलेले. "कंडीत बसून जातो," म्हणाले. कंडी म्हणजे पाठीवरची टोपली. बहुतेकदा नेपाळी मजूर असतो. अख्खा माणूस पाठीवर घेऊन चढतो.

"काका, मंग पुण्य कोनाचं? पाय तर त्याचे."

"पैसे देतो ना बापा."

पैसे तर मालकही देतो आपल्याला. हे बोललो नाही, बोलायला हवं होतं. त्या मजुराला भाडं हवंच आहे, हेही कळतं. बदलीच्या कागदावर सही केली. आता रातपाळीत पाठ धरली की डोळ्यांपुढे तो चढणारा येतो, काका येत नाहीत.