थांबलेला ठिपका

टूर डिव्हाइड या शर्यतीला पंच नसतो. प्रवेश शुल्क नाही, बक्षीस नाही, मागून येणारी आयोजकांची गाडीही नाही. जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी कॅनडातल्या बॅन्फ गावातून माउंटन बाइकवर निघायचं आणि रॉकी पर्वताच्या कण्याला धरून मोंटाना, आयडाहो, वायोमिंग, कोलोरॅडो ओलांडत न्यू मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला, अँटिलोप वेल्सच्या सीमा-फाटकापाशी पोचायचं. सुमारे ४,४०० किलोमीटर, त्यातला बहुतेक रस्ता कच्चा. जॉन स्टॅमस्टॅडने १९९९ मध्ये या मार्गाचा अमेरिकेतला भाग घड्याळ लावून एकट्याने पार केला, तेव्हापासूनचा मूळ दंडक एकच आहे : आपलं आपण. दुकानातलं खाणं आणि मोटेलमधली खोली चालते, कारण ती पैसे देणाऱ्या कुणालाही मिळते. घरच्यांनी ठरवून वाटेत डबा आणून दिलेला चालत नाही. मार्ग सोडावा लागला तर जिथे सोडला त्याच जागी परत येऊन पुढे निघायचं. हे पाळलं की नाही, ते ज्याचं त्याला ठाऊक.

मी मूळ नाशिकचा. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हापासून आमच्याकडे लांब पल्ल्याची सायकल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तीच शर्यत येते. तिथे स्वाराच्या मागे मदतनिसांची गाडी असते. इथे ती नसते, हे नातेवाइकांना सांगताना माझा आवाज थोडा चढतो, हे मला जाणवतं. ‘एकट्याने केलं’ हे शब्द मला फार आवडतात. म्हणूनच ते तपासायचे आहेत.

नियम मी पाळले. तिथे मन स्वच्छ आहे. सलतंय ते नकाशाचं.

प्रत्येक स्वाराजवळ उपग्रहाशी जोडलेलं छोटं यंत्र असतं. दर काही मिनिटांनी ते आपली जागा कळवतं आणि इंटरनेटवरच्या नकाशावर आपल्या नावाची आद्याक्षरं असलेला ठिपका पुढे सरकतो. शर्यत बघणारे हजारो लोक तो नकाशा बघतात. आणि गावात रेंज आली की आम्ही स्वारही पाणी भरायच्या आधी तोच उघडतो. मीही उघडत होतो.

माझ्या थोडा पुढे एक स्वार होता. मोंटानात पावसानंतरच्या त्या चिकणमातीत, जिथे चाकं फिरायची थांबतात आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आम्ही आळीपाळीने एकमेकांच्या पुढे गेलो होतो. ग्रिझली अस्वलांच्या मुलखात रात्री बोलत बोलत चढ चढलो होतो, कारण माणसांचा आवाज ऐकला की अस्वल सहसा बाजूला होतं. वायोमिंगमधल्या पाइनडेल गावात मी दुकानाबाहेर बसून नकाशा उघडला. त्याचा ठिपका कित्येक तास हललेला नव्हता. आणि मला आनंद झाला. मी तो दाबला वगैरे नाही. पावाचा पुढचा घास मला जास्त गोड लागला. एक नंबर वर, हा पहिला विचार. त्याला काय झालं असेल, हा बराच नंतरचा, रस्त्याला लागल्यावर आलेला. तो पडला होता, खांदा निखळला होता. पिकअपमधून जाणाऱ्या कुणीतरी त्याला गावात नेलं होतं. मी त्या जागी पोचलो तेव्हा तिथे काहीच नव्हतं.

पुढे अटलांटिक सिटीनंतर ग्रेट डिव्हाइड बेसिनचं कोरडं माळरान लागतं. पाणी नाही, झाड नाही, समोरून वारा. विचार करायला वेळच वेळ. थकव्याने मन लहान होतं, असं मी स्वतःला सांगितलं. हे खरं आहे का? कोलोरॅडोच्या उत्तर टोकाला ब्रश माउंटन लॉजमध्ये मला गरम जेवण मिळालं तेव्हा मी ताटापुढे रडलो होतो, अनोळखी माणसांच्या मायेने. ते रडू थकव्याचं होतं, असं मी कधी म्हणत नाही. ते माझं होतं, असंच म्हणतो. मग पाइनडेलचा आनंद तेवढा थकव्याच्या खात्यावर का टाकायचा? तोही माझाच.

शर्यत संपवून डेन्व्हरला घरी आलो, तेव्हा बायकोने एक गोष्ट सांगितली. आईने नाशिकला शेजारच्या मुलाकडून नकाशा उघडायला शिकून घेतलं होतं. पर्वतभागातली उन्हाळी वेळ भारताच्या साडेअकरा तास मागे असते. मी रात्री अकराला झुडपामागे अंग टाकायचो, तेव्हा आईकडे सकाळचे साडेदहा वाजलेले असायचे. माझी झोप म्हणजे तिच्या डोळ्यांसमोर, भर दिवसा, थांबलेला ठिपका. तो हलेपर्यंत ती जेवायला बसायची नाही. कधी अडीच, कधी तीन. त्याला सांगू नकोस, असं तिने हिला बजावलं होतं.

तोच नकाशा, तसाच थांबलेला ठिपका. त्या स्वाराचा ठिपका थांबला तेव्हा त्याच्या घरीही कुणीतरी जेवायचं थांबलं असेल. मी मात्र जेवत होतो.

२०१६ मध्ये ब्रिटनच्या माइक हॉलने टूर डिव्हाइड १३ दिवस २२ तास ५१ मिनिटांत पूर्ण केली होती. झोपेच्या प्रत्येक तासाचा हिशेब करायला आम्ही त्याच्याकडे बघून शिकलो. ३१ मार्च २०१७ रोजी ऑस्ट्रेलियातल्या इंडियन पॅसिफिक व्हील रेसमध्ये, कॅनबेराजवळ, पहाटेच्या अंधारात गाडीची धडक बसून तो गेला. ती शर्यत तिथेच थांबवण्यात आली. ही बातमी मला निघण्याआधी माहीत होती. धोका माझा आहे, तो मी पत्करलाय, असं मी घरी म्हणालो होतो. धोका पत्करायचा अधिकार माझा आहे, हे मी आजही मानतो. पण आईच्या दुपारी मी कुणाला विचारून पत्करल्या? आणि घरातली दुखणी, मुलाची शाळा, आईचे फोन हिच्यावर सोपवून निघालेल्या माणसाने ‘एकट्याने’ म्हणावं का? नियमाप्रमाणे हो. बाकी कुठल्याही हिशेबाने नाही.

पुढच्या जूनमध्ये मला पुन्हा जायचं आहे. ही ओढ खोटी नाही आणि तिची मला लाज वाटत नाही. खिंडीच्या माथ्यावर पहाट होते, तेव्हा जगण्याबद्दल जी कृतज्ञता वाटते ती मला दुसरीकडे मिळालेली नाही. शर्यत संपेपर्यंत नकाशा उघडायचा नाही, एवढं मी ठरवलं आहे. हिला सांगितलं तर ती म्हणाली, ‘ते तुझं तू बघ. मला एकच शब्द दे, रात्री बारा ते चार सायकल चालवणार नाहीस.’

तेच चार तास वर-खाली करून तिथे माणसं नंबर मिळवतात. शब्द दिला तर मी तो पाळीन, हे हिला माहीत आहे, मलाही. शब्द मी अजून दिलेला नाही.