शास्त्राचा अंमल

ख्रिस्ती मनुष्याच्या नित्य जीवनावर शास्त्राची सत्ता चालते असे म्हणतात; परंतु ती सरकारी फर्मानाप्रमाणे बाहेरून लादलेली नसते, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होईल. 1883 मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावरही, पुरोहितवर्गाची मुखत्यारी पूर्वीच झुगारलेल्या या विदुषीने चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकण्यास साफ नकार दिला आणि बायबल स्वतः वाचून निर्णय करण्याचा हक्क राखून ठेवला.

मात्र हा हक्क म्हणजे स्वैर मोकळीक नव्हे. कारण जो मध्यस्थाचा हुकूम नाकारतो, त्याच्यावर ग्रंथाचा हुकूम अधिकच थेट बजावला जातो. भुकेल्याला अन्न व परक्याला आसरा देण्याची येशूची शिकवण शिरसावंद्य मानून रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-बायका आणल्या. आणि पुढे त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदन या आश्रमात, रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक अभ्यासून केलेले मराठी बायबल छापले गेले, तेव्हा खिळे जुळवणारे हात तेथील आश्रित स्त्रियांचेच होते.

तात्पर्य, शास्त्राचे प्रामाण्य वादसभेत नव्हे, तर आचरणातच सिद्ध होते. एरवी रुमालात बांधलेली पोथी आणि कपाटात जपलेले बायबल यांत भेद तो कोणता?