आंकड्यांशीं इमान

सत्याचा अपलाप करण्यासाठीं असत्यच बोलावें लागतें असें नाहीं. पुष्कळ वेळां नुसती सरासरी काढली तरी तें कार्य साधतें.

१८९२ सालीं इंग्लंडांत लॉर्ड रॅले हे नत्रवायूची घनता ठरवीत होते. हवेंतून काढलेला नत्र आणि अमोनियाच्या साहाय्यानें मिळविलेला नत्र यांच्या वजनांत त्यांना हजारांत एका भागाएवढा फरक आढळला. एवढासा फरक! दुसरा कोणीही तो हाताच्या चुकीवर घालून मोकळा झाला असता. रॅले यांनीं उलट तो वाढवून पाहिला. नत्र सर्वस्वी रासायनिक संयुगांतून काढला, तों फरक शेंकडा अर्ध्यापर्यंत गेला. तोच कांचेचा गोल भरून केलेल्या पंधरा तोलण्यांपैकीं हवेच्या नत्राचीं सात वजनें २.३१० ग्रॅमला चिकटून होतीं. उरलेलीं आठ २.२९८ पासून २.३०२ पर्यंत. सर्वांची सरासरी येते सुमारें २.३०४, म्हणजे जें वजन तराजूनें एकदांही दाखविलें नाहीं, तेंच खरें म्हणून नोंदलें गेलें असतें. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांनीं १९७७ च्या आपल्या ग्रंथांत हेच आंकडे आलेखरूपानें मांडून दाखविले. त्यांचे दोन पुंजके आणि मधली ओसाड जागा शाळकरी मुलालाही दिसावी.

मग आधीं पाहावें, नंतर हिशेब करावा, एवढें म्हटलें कीं झालें काय? इतकें तें सोपें नाहीं. मनुष्याच्या डोळ्याला ढगांतही हत्ती दिसतात. पुष्कळ आंकडे पुष्कळ प्रकारांनीं चाळले तर कोठेंतरी कांहींतरी आकृति निघावयाचीच. आणि ज्या आंकड्यांनीं आपल्याला कल्पना सुचविली त्यांनाच तिच्या बाजूचे साक्षीदार म्हणून उभें करणें हा अन्याय होय, मग तो करणारा कितीही सज्जन असो. रॅले यांनीं तो केला नाहीं. हलक्या नत्रांत हायड्रोजन मिसळला असेल ही शंका त्यांनीं नव्या प्रयोगांनीं तपासली व सोडून दिली. पुढें रॅम्से यांच्यासह त्यांनीं जड नत्रांतून निराळा वायूच वेगळा केला व १८९४ सालीं तो जाहीर केला. तोच आर्गॉन.

मिलिकन यांची गोष्ट मात्र मनाला टोंचते. विद्युत्कणाचा भार मोजतांना १९१३ च्या निबंधांत त्यांनीं ५८ तैलबिंदु दिले, आणि साठ दिवसांत पाहिलेले सर्व बिंदु हेच, असें लिहिलें. त्यांच्या वह्यांत आणखी कितीतरी बिंदु निघाले. गाळलेल्यांपैकीं कित्येक खरोखरच सदोष होते, मूळ निष्कर्षही बरोबर ठरला, असें त्यांचे कैवारी सांगतात. असेल. गाळण्याबद्दल माझी तक्रार नाहीं. 'सर्व' या शब्दाबद्दल आहे.

हवेंतील नत्र विजेच्या ठिणग्यांनीं नाहींसा करीत असतां १७८५ सालीं हेन्री कॅव्हेंडिश यांच्या नळींत एक बुडबुडा उरला होता. मूळ नत्राच्या एकशेंविसाव्या भागाहूनही लहान. त्याचा अर्थ त्यांना कळला नाहीं. तरी त्यांनीं तो लिहून ठेवला, आणि शंभरांहून अधिक वर्षांनीं रॅले व रॅम्से यांना तो कागदावर जसाच्या तसा सांपडला.