बालकांच्या दंडावरील ऋण

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे आपणां सर्वांस लहानपणीच ऐकून ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणात चवथे मनुष्यऋणही सांगितले आहे. त्याचे स्मरण मात्र क्वचितच होते. या चवथ्या ऋणाच्या खात्यात ज्यांची नावे आरंभी लिहावयास हवीत, ती आमच्या मते बावीस पोरक्या मुलांची होत.

३० नोव्हेंबर १८०३ रोजी स्पेनच्या ला कोरुन्या बंदरातून ‘मारिया पिता’ हे जहाज अमेरिकेकडे निघाले. देवीच्या रोगाने तेथील वस्त्या उजाड होत होत्या, आणि बाल्मिस नामक वैद्यास तेथवर लस न्यावयाची होती. परंतु शीतपेटी त्या काळी नव्हती. वाळविलेली लस दीर्घ प्रवासात निःसत्त्व होई. म्हणून मुलांच्या देहाचीच कुपी करण्यात आली. दोघांना टोचावयाचे, नऊ-दहा दिवसांनी फोड पिकला म्हणजे त्यातील द्रव पुढील दोघांच्या दंडात घालावयाचा. एकाचा फोड फसला तरी साखळी तुटू नये, यासाठी दोघे. मुले तीन ते नऊ वर्षांची होती. अशा रीतीने समुद्र ओलांडला गेला. मुले मात्र स्पेनला परतली नाहीत.

हे पुण्य म्हणावे की पाप? ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाची कथा येथे आठवल्यावाचून राहत नाही. हरिश्चंद्राने वरुणाला कबूल केलेला पुत्र रोहित. त्याच्याऐवजी अजीगर्ताने आपला मधला मुलगा शंभर गाईंना विकला, आणि आणखी शंभर गाईंसाठी स्वहस्ते यूपाला बांधला. सुटका झाल्यावर शुनःशेप पित्याकडे परत गेला नाही. आम्हांला तर त्याचे हे न जाणेच सर्व कथेत अधिक बोलके वाटते. त्या बावीस जणांनाही कोणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी तीन वर्षांच्या मुलाने काय उत्तर दिले असते?

तथापि दोन्ही गोष्टी एकाच तागडीत घालणे अन्यायाचे होईल. शुनःशेपाला मरावयाचे होते. या मुलांना टोचल्यामुळे त्यांचे स्वतःचेही देवीपासून रक्षण झाले. शिवाय अनाथालयाची व्यवस्थापिका इसाबेल झेन्दाल त्यांच्याबरोबर गेली, आणि त्या बाविसांत तिचा स्वतःचा मुलगाही होता. अजीगर्ताने मुलगा दिला तो गाईंसाठी. या बाईने आपला मुलगा परक्या मुलांच्या रांगेत उभा केला, आणि आमचे मन तिच्या बाजूला झुकते ते एवढ्याचसाठी. म्हणून पोरक्यांचे ऋण फिटले असे मात्र नव्हे. ज्यांना आईबाप नव्हते तेच निवडले गेले, ही बोच राहतेच.

आपल्या देशातही आरंभ एका लहान मुलीच्या दंडावरच झाला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला लस टोचली गेली, आणि तिच्या फोडातील द्रव पुढे दंडादंडांवरून पुणे, सुरत, हैदराबादपर्यंत पोहोचला. ८ मे १९८० रोजी देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य सभेने घोषित केले. आज आमच्या वयाच्या कोणाच्याही दंडावर देवीचा वण नाही, आणि त्यामुळेच हे ऋण दिसेनासे झाले आहे.

प्रश्न मात्र जुना झालेला नाही. बालकांना द्यावयाचे औषध अखेर बालकांवरच पारखावे लागते. १९५४ साली अमेरिकेत पोलिओच्या लशीची परीक्षा सुमारे अठरा लाख मुलांच्या साहाय्याने झाली. तेथे निदान आईबापांची संमती घेतली गेली होती.

आमच्या देवळाच्या सभामंडपात पूर्वी पोलिओचे थेंब पाजण्याचे मेज मांडले जाई. पहिल्या वर्षी बायका मुलांना कडेवर घेऊन खांबांआड थबकल्या होत्या, पुढे कोणीच येईना. तेव्हा वडील पूजा आटोपून ओल्या सोवळ्यानेच आले आणि आम्हांला उचलून त्यांनी मेजावर बसविले, असे आई सांगते. आम्ही फार रडलो म्हणे.