वर्गातला मिल्टन आणि मुलांचा धर्म

ज्या श्रद्धेवर एखादे साहित्य उभे आहे ती न स्वीकारता ते शिकवता येते का? चेन्नईत, म्हणजे जुन्या मद्रासेत, हा प्रश्न इंग्रजी शाळांइतकाच जुना. तंजावरचे सरफोजीराजे भोसले मिशनऱ्यांच्या हाताखाली इंग्रजी शिकले, काही काळ मद्रासेतही राहिले, पण हिंदूच राहिले. पुढे मामला इतका सोपा उरला नाही. 1837 मध्ये जॉन अँडरसनने मिशनची शाळा काढली. तिथे इंग्रजीबरोबर बायबल आलेच. 1842 मध्ये पच्चैयप्पांच्या देणगीतून हिंदू मुलांसाठी शाळा निघाली. 1846 मध्ये गव्हर्नर ट्वीडेलने सरकारी शाळांतही बायबल शिकवावे असे सुचवले. गाझुलू लक्ष्मीनरसू चेट्टींसारख्या हिंदू पुढाऱ्यांचा अशा गोष्टींना कडवा विरोध होता, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी ही सूचना फेटाळली.

पण बायबल वगळले तरी इंग्रजीच्या अभ्यासात ख्रिस्ती कवी मिल्टन राहतोच. त्याच्या 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्यातला 'फॉल' हा शब्द घ्या. कोशात अर्थ 'पडणे'. तेवढाच सांगितला तर बायबलमधला पहिला माणूस ॲडम झाडावरून पडला असे मुलाला वाटायचे. खरा अर्थ सांगायचा तर मूळ पाप, आज्ञाभंग, उद्धार हे सगळे आले; 'कर्म' म्हणून भागत नाही, कारण कर्म ज्याचे त्याचे, हे पाप मात्र वारशाने येते. शिक्षकाने अर्थ सांगितला म्हणजे त्याने धर्मोपदेश केला असे नव्हे, पण सीमारेषा बारीक आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या विल्यम मिलरने वेगळी वाट धरली: धर्मांतरापेक्षा विचारांचा प्रसार महत्त्वाचा मानला, आणि 1900 मध्ये 'किंग लियर'वरून भारतीय राजकारणावर पुस्तक लिहिले.